नळीतलं मीठ

माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला, त्या दिवशी सकाळी साडेअकराला मला त्याच्याबद्दल फोन आला होता आणि मी तो कापला. अनोळखी नंबर. पलीकडे एक मुलगी. हिंदीत बोलत होती, पण ती हिंदी आपल्याकडची नव्हती, दूर दक्षिणेकडची, अर्धे शब्द गिळणारी. "मैम, आप मिलिंद सर की दीदी? सर हॉस्पिटल में हैं, कोची में. आपसे बात करना चाहते हैं." आता मला सांगा, असे फोन हल्ली कुणाला येत नाहीत? आमच्या अंबडमध्येच एका निवृत्त मास्तरांना 'तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे' म्हणून असाच फोन आल्ता, आणि मुलगा तेव्हा शेजारच्या खोलीत दाढी करत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावलेला. मी विचारलं, "कौन मिलिंद? पूरा नाम बोलो." ती गडबडली. गडबडली म्हणजे खोटी, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. "पहले सबूत भेजो," म्हणाले आणि ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. मग लेकीनं शिकवलं होतं तसा तो नंबर ब्लॉक केला. दहा मिनिटांनी दुसऱ्याच नंबरवरून तोच आवाज. तोही ब्लॉक केला.

अगदीच बेफिकीर नव्हते मी. खात्री करायची म्हणून मिलिंदच्या नंबरवर फोन लावला. बंद. पण तो तर महिन्यातले पंधरा दिवस कुठल्यातरी बेटावर समुद्रात बुडी मारून असायचा, तिथं रेंज नसायची, त्याचा फोन बंद असण्यात नवल ते काय. मी निवांत झाले. शेजारच्या शोभाताई आल्या तेव्हा चहा टाकला आणि त्या लबाड पोरीला कसं पळवून लावलं ते रंगवून सांगितलं. "तुमच्यासारखं सावध राह्यला पाहिजे बाई," असं त्या म्हणाल्या, आणि मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या वेळी मिलिंद कोचीच्या एका दवाखान्यात पडून होता, त्याची बोटीवर छाती दुखायला लागली होती, आणि मी इथं कपात बिस्कीट बुडवत कौतुक ऐकत होते.

संध्याकाळी पाचला पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, मामा गेला." मी काय विचारलं असेल? "तुला कुणी सांगितलं? नंबर कोणता होता?" असं विचारलं मी. लेक रडायची थांबली. "आई," ती म्हणाली, "आता तरी पुरे कर."

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी मला 'शास्त्रज्ञ भावाच्या हृद्य आठवणी' मागितल्या आहेत. एवढी वर्षं आमच्याच भागात राहून त्यांना मिलिंद आत्ताच कसा सुचला, असा प्रश्न पहिल्यांदा माझ्या मनात आला, हेही सांगून टाकते. माझा स्वभावच तसा. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पोरं मला पाठीमागं 'तपासणी बाई' म्हणायची. दुधात बोट बुडवल्याशिवाय मी पातेलं आत घेत नाही. मीटर बघायला आलेल्याला ओळखपत्र मागते. औषधाची तारीख मी वाचते, आणि ती दुकानदारालाही मोठ्यानं वाचायला लावते. तेव्हा हृद्य वगैरे माझ्याच्यानं किती जमेल ते माहीत नाही. जे झालं ते सांगते.

मिलिंद काय करायचा, हे आमच्या भागात कुणाला धड कधी कळलं नाही. जालन्याचा माणूस म्हटला की मोसंबी, सरकी, फार तर लोखंडी सळया. आमच्या अंबडच्या लोकांना मोठं पाणी म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा, आणि तोही पाण्याची पाळी सुटली तर. अशा गावचा पोरगा समुद्रातल्या माशांच्या आतड्यातले जंतू बघतो, हे लोकांना पटायचंच नाही. "सरकारी पगार मिळतो का त्याचा?" असं विचारायचे. एका पाहुण्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांगा बाई, पोरगा तिकडं नेमकं काय करून राह्यला?"

त्याची सुरुवात अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर झाली. दादा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यावर गव्हाणीला होते. गव्हाण म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या पट्ट्यावर टाकतात ती जागा. हंगामात बैलगाड्यांची रांग लागायची, आणि नंबर येईपर्यंत बैल तासन् तास उभे, उसाचे हिरवे वाढे खात. मी तेव्हा बारावी सायन्सला होते आणि मिलिंद तिसरीत. दादांचा डबा घेऊन आम्ही दोघं जायचो, आणि डबा देऊन झाला की हा पठ्ठ्या कुठल्यातरी बैलापुढं बसकण मारायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "अक्का, ह्या बैलानं तोंडात काहीच घेतलं न्हाई, मंग हा चावून काय राह्यला?" मी म्हटलं, रवंथ करतोय. मग वाढे त्याला कसे पचतात, आपल्याला का पचत नाहीत, हे सुरू झालं. मी नवीनच शिकलेली, मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बैलाला पण पचत नाहीत, त्याच्या पोटात बारीक जंतू असतात, ते पचवतात आणि बैलाला आयतं मिळतं.

"दाखव," तो म्हणाला.

"डोळ्यांनी दिसत नाहीत ते."

"मंग तुला कसं माहीत?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात काही बी असतंय," असं म्हणून तो परत बैलाकडे तोंड करून बसला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दिसल्याशिवाय मानायचं नाही, हे त्याला मीच शिकवलेलं. भूत आहे म्हणाला की 'दाखव', देवीचा कोप म्हणाला की 'दाखव'. तेच त्यानं माझ्यावर उलटवलं होतं.

दादांचं वेगळंच असायचं. दादा शाळा शिकले नव्हते, पण दर रविवारी विहारात जायचे आणि घरी आल्यावर आमच्या वह्या बघायचे, वाचता येत नसलं तरी. "आपलं लेकरू एकदा चुकलं तर लोक दहा वर्षं सांगतेत," ते म्हणायचे. "दुसऱ्याचं लेकरू चुकलं तर चुकलं. म्हणून तुम्ही दोनदा तपासा." मी ते इतकं मनावर घेतलं की स्वतःचं तपासून झालं की मिलिंदचंही तपासायला लागले. त्याचं गणित, त्याचं शुद्धलेखन, त्याचे मित्र. जालन्याच्या कॉलेजात गेला तर तिथल्या प्रयोगाच्या वह्यासुद्धा सुट्टीत घेऊन बसायचे. तो कधी चिडला नाही. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तिथून त्याचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, 'अक्का, पाणी खारट आहे. चाखून पाहिलं. दोनदा.'

पुढं तो किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत लागला आणि बेटांवर जायला लागला. फोनवर मला सगळं समजावून सांगायचा. प्रवाळाच्या खडकांवर शेवाळ माजतं. ते वेळच्या वेळी कुणी खाल्लं नाही, तर खाली प्रवाळ गुदमरून मरतं. ते खाणारे मासे असतात, कळपानं हिंडतात, आपल्या शेळ्या बांधावरून चरत जाव्यात तसे. त्यातल्या एका जातीच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी चाकूसारखं पातं असतं, मिलिंदच्या अंगठ्यावर त्याची खूण होती. पण शेवाळ माशाला स्वतःला पचत नाही. ते काम त्याच्या आतड्यातले जंतू करतात. "म्हणजे बैलच की," मी म्हटलं. "बैलच," तो म्हणाला, आणि आवाजावरून तो हसतोय ते कळलं. मग म्हणाला, जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात हे जंतू नसतात, मोठ्या माशांच्या विष्ठेतून ते पिल्लाला मिळतात असं दिसतंय. मी जेवत होते, त्याला गप्प बसवलं. "का गं? वासरू बी गाईच्या तोंडाला तोंड लावतंय, तिथूनच मिळतंय त्याला," तो म्हणाला. त्याला घाण कशातच दिसायची नाही. दिवसाच्या ठरलेल्या तासाला मासा उघडायचा, आतडं इंचाइंचानं बघायचं, पुन्हा दुपारी दुसरा, कारण सकाळी आणि दुपारी त्या जंतूंचा आकार बदलतो. त्या तासांना फोन केला तर तो उचलायचा नाही. मी नावं ठेवायचे.

आणि मग एक दिवस त्यानं सांगितलं, "अक्का, नुसत्या डोळ्यानं दिसणारा जंतू हातात आलाय."

त्याचं म्हणणं असं, की त्या पात्यावाल्या माशाच्या आतड्यात एक जिवाणू राहतो, तो चक्क बारीक रव्याच्या कणाएवढा होतो. भिंगाखाली धरला तर त्याच्या पोटात दोन पोरी वाढताना दिसतात, त्या बाहेर पडतात तेव्हा आई फुटून जाते. शोध त्याचा नव्हता, तसं तो कधी म्हणाला नाही. जगात आधीच माहीत होतं, त्यानं तो आपल्याकडच्या बेटावरच्या माशात पाहिला होता. जिवाणू डोळ्यांनी दिसत नाहीत, हे वाक्य मी पंचवीस-तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहिलेलं. मी विचारलं, मग एक इथं घेऊन ये की, काचेच्या भांड्यात वाढव आणि दाखव. तो म्हणाला, "तीच तर अडचण हाय. बाहेर वाढतच न्हाई तो. आजपर्यंत कुणालाच जमलं न्हाई. माशाच्या पोटातून काढला की मरतो." ...आता, जे आहे म्हणतात पण बाहेर काढून दाखवता येत नाही, असं सांगणारे आपल्याकडं कमी झालेत का? माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा भाऊ खोटं बोलेल असं नाही वाटलं. पण त्याला कुणीतरी फसवतंय, किंवा तो स्वतःच स्वतःला फसवतोय, असं वाटून गेलं.

त्याला डॉक्टरेट मिळाली तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी शाळेत त्याचं भाषण ठेवलं. याला आता बारा वर्षं झाली. मिलिंदनं पांढरा शर्ट घातला होता आणि खिशातून एक बोटभर काचेची नळी काढली. आत स्पिरिट आणि तळाशी पांढरे कण. "मेलेले आहेत," त्यानं पोरांना सांगितलं, "पण बघा, भिंग लागत नाही. हे जिवाणू आहेत." पोरं उठून उभी राहिली, नळी या हातातून त्या हातात फिरली. ती फिरत माझ्यापर्यंत आली. मिलिंद माझ्याकडं बघत होता. मला आज कळतं, त्या दोनशे पोरांना नव्हतंच ते, ते मला दाखवायला आणलं होतं. मी त्याला बैलांपुढं बसून 'दिसत नाहीत' म्हटलं होतं, तर त्यानं एक असा शोधून आणला होता जो दिसतो.

मी नळी उजेडाला धरली आणि मला ते मीठ वाटलं.

मी काय करायला पाहिजे होतं? घरी नेऊन विचारायला पाहिजे होतं. पण मी उठले, प्रयोगशाळेतून बशी आणली, तिच्यात नळाचं पाणी घेतलं, आणि सगळ्यांसमोर नळीतले कण त्यात ओतून काचेच्या कांडीनं ढवळलं. माझ्या मनात असं होतं, की मीच तपासलं तर नंतर कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. दादांचंच शिक्षण. कण फिरले, बारीक झाले आणि दिसेनासे झाले. पाणी स्वच्छ. पुढच्या रांगेतलं एक पोर म्हणालं, "मीठ," आणि मग सगळा हॉल "मीठ, मीठ" म्हणून हसायला लागला. मिलिंद जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, गोड्या पाण्यात ते फुटतात. समुद्रातले आहेत ते. मेले सगळे." मी म्हटलं, "आधीच मेलेले होते ना?" हेही पोरांनी ऐकलं, अजून हसली. आणि त्या हसण्यात, मागं जिथं आम्ही मास्तरलोक बसायचो तिथून, एक आवाज आला, मोठा नाही, पण नीट ऐकू येईल एवढा. "ह्यांच्यातले डॉक्टर असेच असायचे."

ते मिलिंदनं ऐकलं. मी ऐकलं. कोण बोललं तेही मला माहीत होतं. एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही, त्या माणसाला मी उभा सोलला असता. पण मी फडक्यानं बशी पुसत राहिले. का? आजवर शंभरदा विचारलं स्वतःला. त्या क्षणी मलाही वाटलं होतं की नळीत मीठ आहे, आणि ज्याच्या नळीत मीठ आहे त्याची बाजू कशी घ्यायची, हे मला सुचलं नाही. हे लिहिताना माझी मान खाली जाते. त्याच्या नळीत मीठ असतं काय नसतं काय, त्या बोलणाऱ्याला तिथं तोंड उघडायचा हक्क नव्हता, एवढी साधी गोष्ट मला शिकवणारं कुणी नव्हतं, आणि मी दुसऱ्यांना शिकवत होते.

बसस्टँडवर मी त्याला सोडायला गेले. तो रिकामी नळी खिशात घेऊन निघाला होता. "तू मला घरी विचारायचं होतं," एवढंच तो बोलला. मी म्हटलं, घरी विचारलं असतं तर लोक म्हणाले असते बहिणीनं झाकलं. तो म्हणाला, "झाकायचं काय व्हतं त्यात?" जालन्याची गाडी लागली आणि तो चढला. खिडकीतून हात केला नाही.

त्यानंतर भांडण असं काही झालं नाही. दादा गेले तेव्हा तो आला, लेकीच्या लग्नात आला, सगळं केलं. दरवर्षी भीमजयंतीला सकाळी त्याचा फोन यायचा. "जय भीम अक्का. बरी हायेस?" "बरी आहे. तू?" "बरा." झालं. मासे, शेवाळ, आतडी, काही नाही. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी निवृत्तीनंतर हातात वेळ आला, तेव्हा एका दुपारी मी मोबाइलवर ते शोधलं. होतं. असा जिवाणू होता, त्याचे फोटो होते, पोटातल्या दोन पोरींसकट, आणि तो प्रयोगशाळेत कुणालाच वाढवता आलेला नाही हेही लिहिलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, दुसरीकडं ताडून पाहिलं. मग मोबाइल उपडा ठेवला. त्याला फोन करून 'तुझं बराबर होतं' म्हणायला तीन शब्द लागले असते. येत्या जयंतीला म्हणू, असं ठरवलं. जयंतीला म्हटलं, "बरी आहे. तू?" अशा पाच-सहा जयंत्या गेल्या.

म्हणून तो गेल्यावर माझ्या डोक्यात एकच भुंगा होता. त्या दिवशी दवाखान्यातून त्याला माझ्याशी बोलायचं होतं, ते काय? मला बोल लावायचा होता, की माफ करायचं होतं, की नुसतं बरी आहेस विचारायचं होतं? संस्थेची माणसं त्याला विमानानं संभाजीनगरला घेऊन आली, तिथून अंबडला. त्यातल्या प्रत्येकाला मी गाठून विचारलं, शेवटी कोण होतं त्याच्याजवळ, काय बोलला. कुणाला माहीत नव्हतं. "त्याची विद्यार्थिनी होती, शाहिदा, बेटावरचीच आहे, ती येईल तुमच्याकडं," असं सांगितलं. मला वाटलं, टाळताहेत.

शाहिदा आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाल्यावर. दारात एक किरकोळ पोरगी, डोक्यावर ओढणी, पाठीवर सॅक, हातात मिलिंदची बॅग. तिनं तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला. अर्धे शब्द गिळणारी तीच हिंदी. ती आत आली, पाणी प्यायली, आणि माझ्या वागण्याबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला आणखीनच संशय आला की हिला काय काय माहीत आहे. तिनं बॅगेतून त्याचे कपडे काढले, चष्मा काढला, पाण्यात पडून बंद झालेला त्याचा फोन काढला. म्हणाली, बोटीवर सर कोसळले तेव्हा फोन पाण्यात गेला, म्हणून सरांनी तुमचा नंबर तोंडपाठ सांगितला आणि मी माझ्या फोनवरून लावला. मी मान हलवली. मग तिनं सॅकमधून एक नळी काढली. गेल्या हंगामातली होती, मिलिंदच्या हातची. "सर म्हणाले होते, कधी अंबडला गेलीस तर दीदीला दाखव."

मी नळी खिडकीशी नेली. पांढरे कण. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते. भिंगाशिवाय दिसत होते. मी तिला म्हटलं, पाण्यात टाकून बघू? ती हसली आणि म्हणाली, "सर म्हणालेच होते." मी स्वयंपाकघरातून वाटी आणली, नळाचं पाणी घेतलं, थेंबभर ओतलं, चमच्याच्या दांड्यानं ढवळलं. कण फिरले, आणि तळाशी जाऊन बसले. जसेच्या तसे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, कारण दिसलं मला, त्याचा जंतू दिसला. आणि त्याच वेळी डोक्याच्या मागच्या कोपऱ्यात माझी तपासणी बाई विचारत होती, हे फुटले नाहीत... मग शाळेतल्या बशीतले का फुटले होते? मी त्या तपासणी बाईला गप्प केलं.

"मैम," शाहिदा म्हणाली, "तुम्ही आमच्या मेसेजला काही उत्तर दिलं नाही." मी विचारलं, कुठल्या मेसेजला? तर म्हणाली, तुम्ही 'सबूत भेजो' म्हणून फोन ठेवलात ते मी सरांना सांगितलं. सर हसले. म्हणाले, लिहून घे. मराठी तिला येत नाही, म्हणून त्यानं एकेक अक्षर इंग्रजीत सांगितलं आणि तिनं ते टाइप केलं. अर्थ तिला अजून माहीत नव्हता. पाठवून झाल्यावर त्यानं दोनदा विचारलं, आलं का उत्तर. मग त्याला आत नेलं.

ब्लॉक केलेल्या नंबरांचे मेसेज फोनमध्ये एका वेगळ्या जागी पडून राहतात, हे मला माहीत नव्हतं. शाहिदानंच काढून दिले. दोन होते. पहिला, 'अक्का, मी मिलिंद. ही पोरगी खरी आहे.' दुसरा, 'सबूत. त्या नळीत मीठच होतं. समुद्राचं पाणी राहिलं होतं, त्यात स्पिरिट टाकलं की मीठ खाली बसतं. तुझं बराबर होतं. आता तरी फोन उचल.'

मी ते किती वेळ वाचत होते कोण जाणे. शाहिदानं विचारलं, "मीठ म्हणजे काय? सरांनी सांगितलं नाही." मी म्हटलं, नमक. ती कोड्यात पडली. मग मी तिला सगळं सांगितलं, हॉल, बशी, पोरं, मागून आलेला आवाज, सगळं.

आता मला हे कसं वाचायचं ते सांगा. खरं असेल, तर त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार, आणि बारा वर्षं तो ते पोटात ठेवून होता. सांगणार तरी कसा? सांगितलं असतं, तर मागच्या बाकावरचा तो माणूस खरा ठरला असता. आणि खोटं असेल, तर मेलेल्या जंतूबद्दलसुद्धा कधी वाढवून न बोलणारा माझा भाऊ आयुष्यात एकदाच खोटं बोलला, कारण त्याला आपल्या बहिणीचा स्वभाव पाठ होता. ती फोन उचलेल तर एकाच गोष्टीसाठी उचलेल, तिचं बराबर होतं असं कुणी म्हटलं तर. आणि मी तो मेसेजही पाहिला नाही.

शाहिदा शास्त्राची पोरगी. ती म्हणाली, "मैम, यात अवघड काही नाही. सरांच्या जुन्या वह्या संस्थेत आहेत. त्या वर्षीच्या नळ्यांची नोंद असेल. बेटावर जायच्या आधी मी बघते आणि तुम्हाला कळवते. दोन दिवसांत कळेल."

"नको," मी म्हणाले.

तिला वाटलं मला नीट कळलं नाही. तिनं पुन्हा समजावलं, नोंद तारीखवार आहे, चूक व्हायची शक्यता नाही. मी म्हटलं, बाई, मला कळलं. तू ती वही काढायची नाही. तिनं माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. सरांनी तिला जी दीदी सांगितली होती, ती ही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला बसमध्ये बसवून दिलं, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली, आणि पोचल्यावर फोन कर म्हटलं. तिचा नंबर आता माझ्या फोनमध्ये नावानं आहे.

मिलिंदवर मी आयुष्यभर संशय घेतला, तसा हा एक शेवटचा घेते. तो माझ्याशी खोटं बोलला. त्या नळीत मीठ नव्हतं, त्याचे जिवाणू होते, आणि ते मी पाण्यात घालून फोडले. माझ्याकडं याचा पुरावा नाही, आणि मला तो नको आहे.